गोगलगायीचा दात

४ फेब्रुवारी

सूनबाईला,

आधी आमचीच खुशाली सांगते, कारण तुझी विचारली की तू "बरं आहे" एवढं लिहून मोकळी होतेस. आम्ही दोघी ठीक आहोत. पत्र खालचा कवळीवाला लिहून घेतोय. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते. त्यातून तो फोन किराणा दुकानात. मी बोलले की सगळी गल्ली ऐकते आणि ज्याच्याशी बोलायचं तोच तेवढा ऐकत नाही. म्हणून हे कागदाचं बरं. आठ वर्षांपूर्वी याने माझी कवळी बनवली, ती अजून डावीकडे टोचते, त्याची भरपाई म्हणून पत्रं लिहितो. (म्हणतो, मावशी, हेही लिहू? लिही म्हटलं.) कागदावर पांढरे डाग दिसतील ते त्याच्या बोटांवरच्या प्लॅस्टरचे. म्हातारी रडली बिडली असं समजू नकोस.

आता तुझ्या लेकीची तक्रार. दारावर कुणी टकटक केलं तरी शिंगं आत ओढून घेते म्हणून मी तिला गोगलगाय म्हणते, ते तुला आवडत नाही, माहीत आहे. पण दोन आठवडे झाले, ही शंखातून बाहेरच येत नाही. दुधात बुडवलेला पाव, तोही एका गालाने. हसणं बंद. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला, वाचनाच्या तासाला तोंड उघडत नाही, घरी काही झालंय का? मला वाटलं आईबाप लांब, म्हणून रुसली असेल. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले, सहा वर्षांच्या पोरीला तेवढे पुष्कळ.

काल हनुवटी धरली आणि बघितलं. खालचा, समोरचा दात हलतोय! मी आपली खूश. म्हटलं, शाबास, पडणार हा! तर पोरगी कागदासारखी पांढरी झाली आणि कपाटामागे जाऊन बसली. मी म्हटलं, अगं, माझे बत्तीस गेले, मी बसले का कपाटामागे? तुझा एकच जातोय, तोसुद्धा उसना, दुसरा येणारच आहे. काही उपयोग नाही. तासाभराने मी कपाटाच्या फटीतून बिस्किट सरकवलं. ते तिने चोखून खाल्लं.

तिला दोन ओळी लिही. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पित्तासाठी तीन आठवडे हॉस्पिटलात लोळणारा आपल्या घरातला तूच पहिला. तुझा बाप पित्तावर लिंबू पिऊन कामावर जायचा.

आई


११ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं, "लिंबू" ऐकून हसले. जेवण थोडं थोडं जातंय. डॉक्टर म्हणतात पित्त जुनं आहे, उतरायला वेळ लागेल. मी इथे वॉर्डाबाहेरच्या बाकावर असते, बायकांसाठी झोपायला एक खोली आहे, माझी काळजी करू नका. गोगलगायीला म्हणावं, दात सगळ्यांचे पडतात, घाबरायचं नाही, आईचा पण पडला होता.

भाऊ, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका.

पित्त नाही. रक्ताचा आजार आहे. यांच्या अंगात रक्त तयार होत नाही आणि आहे ते थांबत नाही. रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं फवारा मारला, त्यानेच झालं का असं मी विचारलं, डॉक्टर म्हणाले आता ते शोधून काय करणार. रोज दुसऱ्याचं रक्त चढवतात, दोन दिवस गालावर रंग येतो, तिसऱ्या दिवशी उशीवर पुन्हा डाग. नाकातून येतं, हिरड्यांतून येतं. बोलताना तोंडावर रुमाल धरतात. आईंना कळता कामा नये अशी माझ्याकडून शपथ घेतली आहे. म्हणतात, ती चेष्टा करायची थांबली तर मी त्याच दिवशी जाईन. तुम्ही वाचणारे म्हणून तुम्हाला सांगते. दुसरं कुणी नाही सांगायला.


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं. कवळीवाल्याने वाचलं, पाऊण मिनिटात संपलं. कागद बघितला तर खालपर्यंत भरलेला. मला अक्षर येत नाही, पण काळं किती आणि पांढरं किती ते दिसतं. मी विचारलं, एवढंच? म्हणाला, तुमच्या सुनेचं अक्षर मोठं आहे. म्हटलं, माझ्या सुनेचं अक्षर मुंगीएवढं आहे, डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या रोज बघते मी. मग तो कागदाच्या घड्या घालायला लागला. त्याला छळू नये म्हणून पुढे विचारलं नाही. हे सगळं तो मान खाली घालून लिहितोय, आणि मी त्याच्या डोक्याशी बोलतेय.

आता पोरीचं ऐक. शनिवारी सफरचंदाची फोड दिली. पातळ, कागदासारखी. जरा कुठे दात लागला आणि फोडीवर लाल ठिपका उमटला. राईएवढा. तिने तो बघितला आणि जी किंचाळली, खालून कवळीवाला हातातला साचा टाकून धावत आला. ही पलंगाखाली. मीही गुडघे मोडून पलंगाखाली डोकं घातलं. म्हटलं, गोगलगाय, काय झालं ते तरी सांग. तर म्हणते, "आजी, मला पण नेणार?"

कुठे नेणार? "बाबांना नेलं तिथे."

मग एकेक बाहेर आलं. तुम्ही जायच्या कितीतरी आधी ती सकाळी लवकर उठली होती. बाबा दात घासत होते आणि बेसिन सगळं लाल. त्यांनी नळ मोठा सोडला, बेसिन दोनदा धुतलं आणि तिला म्हणाले, आपल्या दोघांचं गुपित, आजीला सांगायचं नाही. तिने सांगितलं नाही. दोन महिने तोंड मिटून. मी वेडी तिला दातखीळ बसलीय म्हणून चिडवत होते.

तर सूनबाई, पित्ताने हिरड्यांतून रक्त येतं का गं? मी काही डॉक्टर नाही. लिंबाचं बोलले ते माझं मला परत दे.

याचं उत्तर मला नको लिहूस. मला काय कळायचं ते कळलं, आणि त्याला वाटत असेल मला कळलेलं नाही, तर तसंच राहू दे. त्याच्यासाठी मी आहे तशीच वाकडी बोलत राहीन. पण पोरीला काय सांगू ते लिही. तिची समजूत अशी की दात पडला की रक्त येणार, रक्त आलं की गाडी येणार, गाडी आली की माणूस परत येत नाही. हिला खोटं कसं पाडू? मी नुसती चेष्टा करू शकते, आणि चेष्टा पलंगाखाली पोचत नाही.

आई

(ताई, मी कवळीवाला. वरचं सगळं मावशींनी एका दमात सांगितलं, आवाज कुठेही हलला नाही. सांगून झाल्यावर कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हीच टोचतेय, जरा घास. घासायला काही नव्हतं. मी नुसतंच मशीन चालू ठेवलं.)


२५ फेब्रुवारी

आई,

आता मोठ्याने वाचायला हरकत नाही. तुम्हाला कळलंय हे मी यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. काल डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. दीड महिन्यात पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच मला समजलं. म्हणाले, आता चढवलेलं रक्त एक दिवसही टिकत नाही. घरी न्यायचं म्हटलं तर दोन दिवसांचा गाडीचा प्रवास, तेवढा होणार नाही. लेकीला बघायचंय म्हणतात, पण बारा वर्षांखालच्या मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. मी पाया पडायची बाकी राहिले.

खालची चिठ्ठी गोगलगायीची. मोठ्या अक्षरात लिहिली आहे, तिची तिला वाचू द्या.

माझ्या बाळा,

दात पडला की थोडं रक्त येतं. सगळ्यांना येतं. कापूस दाबून धरायचा आणि मोजायचं. शंभर मोजून व्हायच्या आत ते आपोआप थांबतं. तुझं रक्त खूप शहाणं आहे. तुला कुणीही कुठेही नेणार नाही.

बाबांचंही थांबेल. त्यांचं काम जरा मोठं आहे, म्हणून वेळ लागतोय.

तुझी आई

आई, शेवटच्या दोन ओळी मी का लिहिल्या माहीत नाही. खोडणार होते. तेवढ्यात आतून हाक आली आणि चिठ्ठी तशीच पाकिटात गेली.


३ मार्च

सूनबाई,

पडला.

रविवारी सकाळी, कवळीवाल्याच्या दुकानात. तुझी चिठ्ठी आल्यापासून ही तिथेच स्टुलावर बसायला लागली होती. आधी त्या फळीवरच्या दातांच्या रांगा बघून दारातूनच पळायची. आता त्याला विचारते, हे सगळे कुणाचे पडले, त्यांचं थांबलं का? तो बिचारा म्हणतो, हे पडलेले नाहीत, हे नवीन आहेत, माणसांची वाट बघतायत.

पाव खाता खाता दात पावातच राहिला. तिने पाव पुढे धरून बघितला, बोट तोंडात घातलं, बोट लाल. मला वाटलं आता छप्पर उडतं. पण हिने माझ्याकडे हात पुढे केला, कापूस मागितला आणि मोजायला लागली. कापूस दाबून बोलताना निम्मे आकडे गिळत होती, पण मोजत होती.

आता तू शंभर लिहिलंस, पण तुझ्या लेकीला शंभर येतात कुठे? अडतीसपर्यंत झोकात गेली. मग एकोणचाळीसच्या जागी म्हणाली एकोणतीस. तिथून पुन्हा तीस, एकतीस करत अडतीस, आणि पुन्हा एकोणतीस. तीन फेरे झाले. रक्त केव्हाच थांबलेलं, कापूस पांढरा निघत होता, पण ही शंभर आल्याशिवाय सोडेना. मी मुद्दाम सांगितलं नाही, आणि कवळीवाल्यालाही डोळ्यांनी दटावलं, सांगू नकोस, मोजू दे. पण खुर्चीत बेकरीवाला बसलेला, तोंडात मऊ मेण चावून, माप द्यायला. हलायचं नाही अशी ताकीद. चौथ्या फेऱ्याला त्याला राहवेना. मेणासकट ओरडला, "एओणचाईस!" माप गेलं. कवळीवाला बोंबलला. आणि तुझी लेक हसली, गं. पडलेल्या दाताची खिडकी उघडी टाकून हसली. मग आम्ही तिघांनी तिला हाताला धरून शंभरपर्यंत नेलं.

त्यानंतर तिने कागद मागितला. सोबत आहे तो तिचाच, मी एक अक्षर सांगितलेलं नाही, मला कुठलं येतंय. कवळीवाल्याने वाचून दाखवला आणि मग बराच वेळ मेण तापवायचा दिवा लावत बसला.

आता हे त्याला वाचून दाखव: लेका, तुझा पहिला दात पडला तेव्हा तू तो हरवलास आणि मला अख्ख्या घराचा केर दोनदा चाळायला लावलास. सापडला नाही म्हणून तू जेवला नाहीस. आता सांगते, सापडला होता. माझ्याच टाचेत घुसला. तुला दिला नाही, मी ठेवून घेतला. कुठे, ते सांगणार नाही. घरी ये आणि शोध.

आई

बाबा,
माझा दात पडला. रक्त आलं. मी मोजलं. माझं रक्त थांबलं. तुमचं थांबलं का?


९ मार्च

माझ्या शहाण्या बाळा,

तुझं पत्र परवा आलं. बाबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. आजीने चोरलेल्या दाताचं ऐकून हसले. मग तुझं पत्र स्वतःच्या हातात मागून घेतलं आणि ठेवून घेतलं.

तू विचारलंस ना, म्हणून सांगते. बाबांचं काल सकाळी थांबलं. आता त्यांना काही दुखत नाही.

बाबांच्या कारखान्यातले दोन काका आले होते. सगळं त्यांनीच केलं. इथलं आवरून मी वीस तारखेपर्यंत येते.

तुझी आई

भाऊ, आज खाली काही नाही. सगळं वरच आहे.


१४ मार्च

सूनबाई,

पत्र बुधवारी आलं. पोस्टमनने नेमकं हिच्याच हातात दिलं. आता वाचता येतं ना बाईसाहेबांना! कवळीवाला हात पुसेपर्यंत हिने पाकीट फोडलं आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून बोट ठेवून वाचायला लागली. दात नाही म्हणून स ला थ म्हणते. "काल थकाळी थांबलं." तिथे बोट थांबलं. पुन्हा वाचलं. मग उडी मारली. "आजी! बाबांचं थांबलं!"

मी कवळीवाल्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. दिव्यावर धरलेलं मेण त्याच्या बोटांवर वितळत होतं आणि त्याला कळत नव्हतं. मला वाचून दाखवायची गरज पडली नाही. माझ्या आयुष्यात न वाचता कळलेल्या गोष्टींत ही एक.

ती माझा हात हलवत होती. आजी, थांबलं ना? मी म्हटलं, हो गं. थांबलं.

तू खोटं लिहिलं नाहीस. मी दहा वेळा आठवून बघितलं, एक शब्द खोटा सापडत नाही. मीही खोटं बोलले नाही. आपण दोघींनी मिळून खरंच सांगितलं आणि पोरीने ते घेऊन गल्लीभर वाटलं. शाळेतल्या बाईंना, दूधवाल्याला, किराणा दुकानात, बेकरीत. माणसं मला जिन्यात गाठून म्हणतात, मावशी, लेकाचं थांबलं म्हणे, फार बरं झालं. मी म्हणते, हो, बरं झालं. बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. तीन दिवस मी माझ्या पोराच्या जाण्याबद्दल अभिनंदन घेतेय. रडायला जागा नाही. दार लावलं तर गोगलगाय म्हणते, आजी, दार का लावलंस, घाबरलीस?

वाकडंतिकडं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडते आणि काही सुचत नाही. पहिल्यांदाच असं होतंय. त्याने सांगितलं होतं ना, मी चेष्टा करायची थांबले तर तो जाईल. कवळीवाल्याने तुझ्या पहिल्या पत्रातलं ते लपवलेलंही आता वाचून दाखवलं, मी सांगितलं म्हणून. सूनबाई, मी थांबले नव्हते. एक दिवससुद्धा थांबले नव्हते. हे कुणाला सांगायचं राहिलं ते मला कळत नाही, म्हणून तुला सांगते.

किराणावाल्याच्या फोनवरून तुला निरोप देऊया म्हणाला कवळीवाला. मी नको म्हटलं. तू एकटी आवराआवर करतेयस, त्यात आमचा आवाज कशाला.

इकडची खबर एवढीच. ती सगळं खाते. सफरचंद अख्खं, सालासकट. कुणी आलं की स्वतः दार उघडते. शेजारचा दात हलायला लागलाय आणि तो ती दिवसभर जिभेने पुढे ढकलते, लवकर पडावा म्हणून. म्हणते, "काय होतंय, रक्त येतं आणि थांबतं." कशालाच भीत नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, की पोरगी भिऊ नये.

तू म्हणशील आई, तुम्ही सांगून टाका. नाही. मी तिचा बाप जन्माला घातला, वाढवला, पित्तावर टोमणे मारले. एवढं मला जमणार नाही. कवळीवाल्याला विचारलं, तोही नाही म्हणाला, आणि त्याच्याकडे तर बत्तीसच्या बत्तीस दात आहेत. तूच सांगायचंस.

वीस तारखेला सकाळपासून ती जिन्यात बसेल. तू दिसलीस की तोंड उघडून खिडकी दाखवेल. मग तुझ्या मागे बघेल, आणखी कोण उतरतंय ते. तेव्हा मी कुठे उभी राहू, तेवढं कळव.

आई